रुमालाखालचे हात

एप्रिल लागला की मला आधी राग येतो आणि मग आंब्याचा वास. इतरांचं उलट होत असेल, किंवा इतरांना नुसता वासच येत असेल. आमच्या खराडीतल्या सोसायटीच्या फाटकाशी एक टेम्पो येऊन उभा राहतो. त्याच्यावर ‘अस्सल देवगड’ असा फलक असतो, आंबा बहुतेक कर्नाटकातला असतो, आणि आयटीतली मंडळी खांद्याने कानाशी फोन दाबून धरत पेट्या उचलून नेतात. दुपारी खिडकी उघडली की पेंढा, ओलसर लाकूड आणि पिकायला लागलेला आंबा यांचा एकत्र वास वर येतो. मी तेव्हा लिहायला बसलेली असते. त्या वेळी कादंबरीतलं कुणी मरायच्या बेतात असेल, तर ते जरा जास्तच हाल होऊन मरतं.

मी रहस्य कादंबऱ्या लिहिते. ‘प्रवासात वाचायला बऱ्या असतात हो तुमच्या,’ असं लोक तोंडावर सांगतात. ते कौतुक आहे असं धरून चालायची मला सवय झाली आहे. गेल्या महिन्यात सोसायटीच्या वाचनालयानं माझ्याशी गप्पांचा कार्यक्रम ठेवला होता. ऑफिसातून थेट आलेली, गळ्यात अजून ओळखपत्र लटकत असलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “मॅम, तुमची प्रोसेस काय असते? म्हणजे रिअल लाइफमधून इन्स्पिरेशन वगैरे?” मी नेहमीचं उत्तर दिलं. वर्तमानपत्रं वाचते, ओळखीचे एक निवृत्त पोलीस अधिकारी आहेत, हॉटेलात शेजारच्या टेबलावरचं ऐकते. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं उत्तर एका शब्दाचं आहे, पण खाली चहा आणि बटाटेवडे तयार असताना ते चारचौघांत द्यावंसं वाटलं नाही.

ते उत्तर म्हणजे जळफळाट. मत्सर हा शब्द मला फार सोवळ्यातला वाटतो. माझं जे काही आहे ते साधं, घरगुती जळणं आहे. दुसऱ्या लेखिकेच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ चांगलं झालं की मला दोन दिवस जेवण जात नाही. समोरच्या बाल्कनीतला कढीपत्ता माझ्या कढीपत्त्यापेक्षा उंच आहे, हे मला रोज सकाळी दिसतं आणि रोज लागतं. नवरा म्हणतो, तुला जळायला काडी लागत नाही. खरं आहे. पण ही सगळी वरवरची जळजळ. मुळातली एकच आहे, ती ताईवरची, आणि ती एका उन्हाळ्यात लागली.

त्या वर्षी माझी दहावीची परीक्षा संपली होती. अप्पा, म्हणजे आमचे वडील, मार्केट यार्डात फळांचे आडते होते. शेतकऱ्याचा माल आपल्या गाळ्यावर उतरवून घ्यायचा आणि खरेदीदाराला विकून द्यायचा, हा धंदा. आम्ही राहायचो बिबवेवाडीत, यार्डापासून हाकेच्या अंतरावर. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं कॉलेजात मन नव्हतं आणि ते ती लपवतही नव्हती. घरात मुलगा नव्हता. हापूस सुरू झाला त्या आठवड्यात अप्पा जेवता जेवता तिला म्हणाले, उद्यापासून तू चल गाळ्यावर. आईच्या हातातली भाकरी तव्यावर जरा जळली, एवढंच. मी ताटावरून मान वर केली, की आता माझंही नाव घेतील. त्यांनी ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत स्कूटरचा आवाज झाला. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. ताईनं दुपट्टा कमरेला बांधला होता आणि ती अप्पांच्या मागे बसली होती, मांडीवर डबा धरून. रस्त्यावर दूधवाल्याशिवाय कुणी नव्हतं. अप्पा वळून तिला काही तरी म्हणाले आणि ती हसली. काय म्हणाले असतील, याचा विचार मी त्या दिवशी दुपारपर्यंत केला. आता कळतं की बहुधा ‘घट्ट धर’ म्हणाले असतील. पण तेव्हा मी त्या एका वाक्याच्या जागी कितीतरी वाक्यं घालून पाहिली, आणि माझ्या लेखनाचा सराव, तो असा, गॅलरीत, दात न घासता सुरू झाला.

ती दुपारी परत यायची तेव्हा तिच्या अंगाला यार्डाचा वास असायचा. नखांच्या कडांना पिवळं लागलेलं. पेंढ्याची कुसळं ओढणीत अडकलेली, ती एकेक वेचून काढायची. बोटांना पेट्यांच्या खिळ्यांचे ओरखडे. आई त्यावर हळद लावायची आणि पुटपुटायची. मला त्या ओरखड्यांचासुद्धा हेवा वाटायचा. माझ्या बोटांना शाईशिवाय काही लागत नव्हतं, आणि परीक्षा संपल्यावर तीही गेली होती.

पण खरी गोष्ट रुमालाची.

त्या काळी फळबाजारात भाव तोंडानं बोलत नसत. गाळ्यासमोर पेट्या मांडलेल्या असायच्या, एक उघडून वरचा पेंढा बाजूला सारलेला. खरेदीदार यायचा, आंबा हुंगायचा, देठाशी अंगठ्यानं हलकं दाबून बघायचा. मग अप्पा खांद्यावरचा मोठा रुमाल काढून आपल्या उजव्या हातावर टाकत आणि हात पुढे करत. खरेदीदार त्या रुमालाखाली आपला हात घालायचा. आणि दोघं गप्प. बोटं धरून, दाबून, सोडून आकडे सांगायचे. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या खरेदीदाराला काही कळू द्यायचं नाही, आणि ज्याचा माल तो शेतकरी तिथंच उभा असला तर त्यालाही नाही. पुढे या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली आणि ती रास्त होती. आता ती बंद झाली, सगळं उघड चालतं, फोनवर चालतं. पण मी पंधरा वर्षांची होते आणि मला शेतकऱ्याचं काही पडलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की रुमालाखाली काही तरी चाललं आहे आणि ते मला सोडून चाललं आहे.

ताईला ते शिकवायचं ठरलं तेव्हा नात्यातल्या बायकांनी डोक्याला हात लावला. तरण्या मुलीनं परक्या पुरुषांच्या हातात हात द्यायचा, तोही झाकून? खरेदीदारही बिचकले. ताई रुमाल टाकून उभी राहायची आणि लोक आंबे हुंगून अप्पांकडे वळायचे. शेवटी एक म्हातारे खरेदीदार होते, सगळे त्यांना काका म्हणायचे, त्यांनी बाह्या सावरल्या आणि तिच्या रुमालाखाली हात घातला. “बाजारात हात हा हात नसतो,” ते आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तो आकडा असतो.” त्यानंतर कुणी बिचकलं नाही. हे मला ताईनं रंगवून सांगितलं. तिला रंगवून सांगता येत नाही, तिचं सगळं तुटक असतं, तरी मला ते इतकं झोंबलं की मी हात धुवायच्या निमित्तानं मोरीत निघून गेले.

तिचा सराव घरी व्हायचा, रात्रीचं जेवण झाल्यावर. अप्पा पाटावर बसलेले, समोर ताई, मध्ये आईचा हात पुसायचा पंचा. त्याच्याखाली दोघांचे हात. मी पलीकडे भिंतीला टेकून, गुडघ्यांत हनुवटी खुपसून. चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही हा पहिला धडा होता. ताईला ते लगेच जमलं, तिच्या चेहऱ्यावर तसंही काही उमटत नसे. मग एकदम काही तरी होऊन दोघं हसायची. पंचा हलायचा. आई विचारायची, काय झालं, आणि अप्पा म्हणायचे, काही नाही, ही आपल्यालाच बुडवायला निघाली. मी पण हसायचे. कशाला, ते मला माहीत नसायचं.

एकदा मी धीर करून म्हटलं, “अप्पा, मलाही शिकवा.”

“तू शीक,” ते म्हणाले. “तुझं डोकं पुस्तकात चालतं. हे शिकून काय करणार आहेस तू?”

आईनं हे वाक्य शेजारीपाजारी सांगितलं, अभिमानानं. माझे मार्क बरे होते, मुलीला शिकवणारा बाप म्हणून अप्पांचं कौतुक झालं. मला मात्र कुणी तरी खांद्याला धरून घराबाहेर नेलं आणि आतून कडी लावली असं वाटलं. आजही कुणी माझ्या शिक्षणाचं कौतुक केलं की मला ती कडी ऐकू येते.

मग मी बघायला शिकले. दुसरं काय करणार? डबा पोचवायच्या निमित्तानं मी गाळ्यावर जायची आणि रिकाम्या पेट्यांवर बसून राहायची. हमालांची ये-जा, बैलगाडीवाल्यांची आणि टेम्पोवाल्यांची भांडणं, पायाखाली चिखल झालेला आंबा, त्याच्यावर माश्या. चेहरे बघून काही कळत नव्हतं. तिथली माणसं चेहरा घरी ठेवून यायची. तेव्हा मी खाली बघायला लागले. पाय कुणी सांभाळत नव्हतं. भाव पटत आला की खरेदीदाराचा पायाचा अंगठा चपलेत वर उचलला जायचा. फसवला जातोय असं वाटलं की टाच मागे सरकायची. अप्पा खोटं सांगत असले, म्हणजे माल याच्याहून चांगल्या भावाला मागितलाय असं भासवत असले, की दोन्ही पाय अगदी जोडून, शाळेतल्यासारखे उभे राहायचे. महिनाभरात मला आकडा सोडून सगळं कळायला लागलं. सौदा होणार की मोडणार, कोण गरजू आहे, कोण नुसता वेळ काढतोय, हे मी त्या दोघांच्या आधी सांगू शकले असते. कुणी विचारलं नाही.

माझ्या कादंबऱ्यांतली पोलीस निरीक्षक संशयिताच्या पायांकडे बघते. वाचकांना ते आवडतं. एका समीक्षकानं त्यात काही तरी मोठा अर्थ काढला होता, मातीशी नातं वगैरे. 

त्याच उन्हाळ्यात मी पहिली रहस्यकथा लिहिली. आंबे पेंढ्यात घालून पिकवतात त्याला अढी म्हणतात, गाळ्याच्या मागच्या खोलीत अशा अढ्या असायच्या. माझ्या कथेत एका आडत्याच्या थोरल्या मुलीचं प्रेत त्या पेंढ्याखाली सापडतं. आंब्याच्या वासामुळे तीन दिवस कुणाला पत्ता लागत नाही. लिहून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी उठून ताईला सरबत करून दिलं. तिनं ते संशयानं प्यायलं. मी सरबत कधी करत नसे.

पुढची वाट सरळ होती. कॉलेजच्या नियतकालिकात एक कथा, मग एका दिवाळी अंकात, मग एका प्रकाशकानं बोलावलं. पहिलं पुस्तक आलं तेव्हा बुधवार पेठेतल्या एका दुकानात ते काचेत लावलंय असं कळलं, म्हणून मी अप्पांना घेऊन गेले. मुद्दाम ताईला न सांगता. गर्दीतून वाट काढत आम्ही दुकानापुढे उभे राहिलो. मुखपृष्ठावर रक्ताचे थेंब होते, ते आंब्याच्या रसासारखे दिसत होते. अप्पांनी पुस्तकाकडे पाहिलं आणि मग दुकानदाराला विचारलं, “जातो का माल?”

दुकानदार पुण्यातलाच होता. मान वर न करता म्हणाला, “उन्हाळ्यात जातो. लोकांना सुट्ट्या असतात.”

अप्पा खूश झाले. सीझनचा माल आहे म्हणजे, असं म्हणाले, एक प्रत विकत घेतली आणि काखेत मारून निघाले. मी त्यांच्या मागून चालताना इतकी आनंदात होते की मला रस्ता दिसत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात गाळ्यावर गेले तर ते पुस्तक गणपतीच्या तसबिरीखाली ठेवलेलं दिसलं, वर उदबत्तीची राख. ‘मीच ठेवलं तिथं,’ ताई म्हणाली, ‘आंब्याचे हात लागत होते.’ म्हणजे ते सुद्धा तिनंच जागेवर ठेवलं होतं. अप्पांनी ते वाचलं की नाही, मला कधी कळलं नाही. मी विचारलं नाही. नाही म्हणाले असते तर?

ताईनं एकही वाचलं नाही. ती ते उघड सांगते. पण गाळ्यावरचे दिवाणजी वाचायचे, आणि एकदा चहा पिता पिता ती म्हणाली, “तुझ्या प्रत्येक पुस्तकात म्हणे हनुवटीवर तीळ असलेली एक बाई मरते.” मी बशीकडे बघत राहिले. ताईच्या हनुवटीवर तीळ आहे. ती पुढे म्हणाली, “चालू दे. पण एखादीत तरी जरा उशिरा मार. दिवाणजी म्हणतात, पहिल्या वीस पानांतच जाते.”

हे असं आहे. तिच्यावर जळावं तर ती असं काही तरी बोलते, की त्या बोलण्यावरही जळायला होतं.

गेल्या थंडीत अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. एकच शब्द मागे राहिला, ‘बरं’. पाणी हवं असलं तरी बरं, दुखलं तरी बरं, मी आत आले की बरं, मी निघाले की बरं. समजतं सगळं. डोळ्यांत ते दिसतं, आणि समजूनही सांगता येत नाही याचा संताप दिसतो. ताईनं लग्न केलं नाही, आई गेल्यावरही ती त्यांच्याबरोबरच राहते, गाळाही तीच चालवते. मी रोज दुपारी खराडीहून निघते, मुंढव्याच्या पुलावर अडकते, हडपसरला अडकते, आणि बिबवेवाडीत पोचून त्यांच्या उशाशी बसते. बोलणं शिकवायला एक तरुण बाई यायच्या. चित्रांचे पत्ते दाखवायच्या, कप, गाय, छत्री. अप्पांनी आयुष्यभर बाजारात माणसं ओळखली, त्यांनी गाय बघितली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या बाई भल्या होत्या, त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

मला त्यांच्याशी बोलायचं होतं. काय, ते मलाही धड सांगता आलं नसतं. पुस्तक वाचलंत का, हे तर विचारायचं होतंच. पण त्याहून, ते जायच्या आधी त्यांनी एकदा मला उद्देशून, फक्त मला, काही तरी म्हणावं असं वाटत होतं. आमच्यात नेहमी कुणी तरी तिसरं असायचं, आणि ते तिसरं कोण ते सांगायला नको.

मार्चच्या शेवटी पहिल्या पेट्या आल्या. ताई गाळ्यावरून आली, हात धुतले नव्हते, तशीच अप्पांच्या पलंगावर बसली, खुर्चीवरचा टॉवेल ओढून त्यांच्या डाव्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला. मी समोरच होते. अप्पांचे डोळे मोठे झाले. टॉवेल हलला. मग पुन्हा हलला. दोघं कितीतरी वेळ तसे बसून होते, आणि अप्पांच्या तोंडाचा जो कोपरा हलत होता त्यात हसू आलं. स्वयंपाकाच्या मावशींनी डोळ्यांना पदर लावला. फिजिओथेरपीवाल्या मुलानं दुसऱ्या दिवशी ते पाहून ‘भारी’ म्हटलं आणि फोनवर व्हिडिओ काढला. घरातलं वातावरण पालटलं, अप्पा दोन घास जास्त जेवायला लागले. आणि मी? मुक्या झालेल्या बापाला वाचा फुटली होती आणि मी पन्नाशीची बाई तिथं भिंतीला टेकून जळत होते. लाज वाटत होती, पण लाजेनं जळणं विझत नाही, मी करून पाहिलं आहे.

पंधरा दिवस मी ते बघितलं. रोज दुपारी टॉवेल, रोज दोघांचं चाललेलं. घरी येऊन मी कादंबरी उघडायची आणि लिहून काढायची, की ती दोघं काय बोलत असतील. आईबद्दल बोलत असतील. गाळ्याच्या पुढच्याबद्दल. माझ्याबद्दल. अप्पा तिला सांगत असतील, की धाकटीला सांभाळ, ती हळवी आहे. हे लिहिताना मला रडू यायचं आणि मग राग, की मला सांभाळायला तिला का सांगतायत. प्रकाशकाचे निरोप येत होते आणि माझ्या कादंबरीत प्रेत अजून सापडलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी स्वयंपाकघरात, ताई कुकर लावत असताना, माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, मला एवढंच सांग, ते तुला काय काय सांगतात.

ती वळली. “त्यात शब्द नसतातच गं. नुसते आकडे असतात.”

“मग एवढा वेळ काय बोलता?”

“भाव. हापूस काय गेला, पायरी काय गेली. मी कानाशी नाव सांगते, ते बोट दाबून आकडा विचारतात. कमी वाटला तर चिडतात.” तिनं कुकरचं झाकण बसवलं. “कधी कधी मी चढा सांगते. त्यांना बरं वाटतं.”

मी तिथंच ओट्याला टेकले. आई नव्हती त्यात, मी नव्हते, काहीच नव्हतं. पायरी काय गेली. माझी सगळी पानं वाया गेली होती. आणि खरं सांगायचं तर तेही मला पुरलं असतं. पायरीचा भाव मला विचारला असता तरी चाललं असतं.

मी म्हटलं, तू मला कधी शिकवलं नाहीस. त्यावर ती चिडली नाही, तिनं नुसतं विचारलं, “मला विचारलंस कधी? अप्पांना विचारलंस. मला विचारण्यात तुझा कमीपणा होता.”

हे खरं होतं. मी हात पुढे केला. तिनं ओट्यावरचं फडकं झटकलं आणि आमच्या हातांवर टाकलं. तिचा तळहात खरखरीत होता आणि गरम. इतक्या वर्षांत मी तिचा हात असा धरलाच नव्हता. हे एक बोट धरलं की एक. ही दोन. सगळा पंजा म्हणजे पाच. मग पुढचे आकडे तळव्यात कुठे दाबायचं त्यावर. मी विचारलं, पण एक म्हणजे शंभर की हजार, ते कसं कळायचं? ती म्हणाली, ते बोटं सांगत नाहीत, ते दोघांना आधीच ठाऊक असावं लागतं. आणि नाही पटलं तर हात काढून घ्यायचा. समोरच्याला खरंच माल हवा असेल तर तो परत धरतो. नसेल तर जाऊ देतो.

कुकरची वाफ जायच्या आत सगळं शिकून झालं. एवढंसंच होतं ते. ज्याच्यावर मी जन्म काढला ते रहस्य कादंबरीत असतं तर प्रकाशकानं परत पाठवलं असतं.

अक्षय तृतीयेला ताईनं आमरसाचा घाट घातला. ती स्वयंपाकघरात परातीपुढे बसली होती, मावशी सुट्टीवर होत्या, आणि मी अप्पांपाशी एकटी. खिडकीतून ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. मी टॉवेल घेतला.  त्यांच्या डाव्या हातावर तो टाकला आणि खाली हात सरकवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “हापूस,” मी म्हटलं. आजचा भाव ताईला विचारायचा राहिला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग मी ठोकून दिला. चार बोटं धरली.

अप्पांची बोटं हलली नाहीत. मला वाटलं, माझा हात त्यांना ओळखू येत नाही, शाईचा हात. मग त्यांची बोटं माझ्या बोटांवर आली आणि त्यांनी दोनच धरली. निम्म्यावर आणलं. चेहरा कोरा. पहिल्यांदा मला कळलं नाही, मग कळलं, की हे भाव विचारत नाहीयेत, हे मागतायत. माझ्याशी सौदा करतायत. मी पुन्हा चार धरली. त्यांनी दोन. मी उतरून साडेतीन म्हणायला बघितलं, तर साडे कसं म्हणायचं ते मला शिकवलेलं नव्हतं, म्हणून पुन्हा चार. त्यांनी माझं एक बोट धरलं. फक्त एक. दिवसाढवळ्या लुटायला निघाले होते, स्वतःच्या मुलीला.

मी हात काढून घेतला. ठरवून नाही, खरंच राग आला म्हणून, टॉवेलाखालून बाहेर ओढला.

आणि त्यांनी तो परत धरला. ज्या हातात पेला पुरता धरवत नाही, त्यानं इतक्या जोरात धरला की माझी अंगठी बोटात रुतली. “बरं,” ते म्हणाले, “बरं, बरं,” आणि डोळ्यांनी टॉवेलाकडे खूण केली; मी तो आमच्या हातांवर ओढला आणि त्यांनी तीन बोटं दिली.

मला रडू येत होतं आणि बाजारात रडत नाहीत एवढं मला ठाऊक होतं. मी चारवर अडून राहिले.

ताई दाराशी आली. दोन्ही हात कोपरापर्यंत रसानं माखलेले, ते अंगापासून लांब धरलेले. “काय भाव चाललाय?” तिनं विचारलं. अप्पा छताकडे बघत होते. मीही छताकडे बघायला लागले. ती थोडी आत आली, टॉवेलाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. “अगं, काय म्हणतायत?” तिनं पुन्हा विचारलं, आणि या वेळी तिचा आवाज नेहमीसारखा राहिला नाही. तो आवाज मी ओळखते, कारण तो जन्मभर माझा होता.

मी तिला सांगितलं नाही.